‘मोटार भरायला बीजगणित कशाला?’

दहावीच्या निकालाच्या सुमारास ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो : “पदवी घेऊन पोरं घरीच बसतात. त्यापेक्षा आठवीतूनच मोटार रिवायंडिंगच्या (जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याच्या) दुकानात बसवा. सहा महिन्यांत हात बसतो, शाळेतलं गणित तिथे लागत नाही. आयटीआयला घातलं तर पुढचं शिक्षण बंद.” पदवी घेऊन बेकार बसलेल्यांबद्दलची चीड खरी आहे. पण त्यावर सांगितलेला उपाय पोराचं नुकसान करणारा आहे.

“गणित लागत नाही.” जळालेल्या मोटारीतून १ मिमीची तार निघाली आणि दुकानात ती नाही. मग ०.५ च्या दोन तारा एकत्र धरून घालायच्या? आकडे जुळतात, तांबं जुळत नाही. तारेचं क्षेत्रफळ जाडीच्या वर्गावर ठरतं : ०.५ चा वर्ग ०.२५, दोन तारांचे मिळून ०.५. म्हणजे तांबं निम्मं, रोध दुप्पट, तेवढ्याच करंटला उष्णताही दुप्पट. ती मोटार ऐन पाण्याच्या पाळीत पुन्हा जळते. ०.७ च्या दोन घातल्या तर ०.९८ होतात, तिथे काम भागतं. हा हिशोब शाळेतल्या फळ्यावरचाच आहे.

“सहा महिन्यांत हात बसतो.” बसतो. क्वाइल गुंडाळणं, स्लॉटमध्ये कागद घालणं, फेरे मोजणं हे जमतं. पण मोटार का जळली, हे ओळखणं वेगळं. मोटारीतल्या तीन फेजच्या क्वाइली एकमेकींना दोन प्रकारे जोडतात, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीत दोन फेजच्या क्वाइली काळ्या आणि तिसरी कोरी, किंवा डेल्टात एकच काळी आणि दोन चांगल्या दिसल्या, तर एक फेज गेलेला असताना मोटार चालत राहिली, असं समजायचं. अशा वेळी फ्यूज, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट आणि केबलचे जोड तपासायला हवेत. तिन्ही सारख्याच काळ्या असतील तर जाम पंप, कमी व्होल्टेज, चुकीचं सेट केलेलं ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारं साधन) बघायचं. हे न बघता नुसती मोटार भरून दिली, तर शेतकरी त्याच दुखण्याचे दोनदा पैसे मोजतो.

“आयटीआय म्हणजे शिक्षण बंद.” चूक. दहावीनंतर दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. मात्र त्या ट्रेडला दहावी लागते, तीही विज्ञान-गणितासह. दार बंद होतं ते आठवीतून काढल्यामुळे.

दुकान की शाळा, ही निवडच मुळात खोटी आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत उभी केली. तिथूनच आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष कामाला देणारा अभ्यासक्रम शाळांत गेला. दुकानात जरूर पाठवा, पण सुट्टीत आणि संध्याकाळी.

पोराला आधीच बसवलं असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसवा. फॉर्मची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, म्हणून जवळच्या हायस्कूलात आत्ताच चौकशी करा.