अवघड शब्द आणि आईला आलेले पत्र

वडिलांच्या पश्चात करायच्या वारसनोंदीबाबत आईला एका कार्यालयाकडून आलेले पत्र भावाने गेल्या महिन्यात मला इकडे मँचेस्टरला पाठवले. ‘संदर्भाधीन अर्जाच्या अनुषंगाने आवश्यक ती पूर्तता विहित मुदतीत करण्यात यावी’ एवढाच त्यातला मजकूर होता. आई निवृत्त शिक्षिका आहे, त्यामुळे यातला एकही शब्द तिला अडला नाही. कोणते कागद, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे, हे मात्र तिला कळले नाही, कारण ते पत्रात नव्हतेच.

अवघड मराठीवरचा आपल्याकडचा वाद मला म्हणूनच अपुरा वाटतो. संस्कृत घडणीचे शब्द काढून रुळलेले इंग्रजी शब्द घेतले की भाषा सोपी होईल, असे एक पक्ष सांगतो. परंतु सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही एकेकाळी नवखेच होते, तर सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ (लागवडीस अयोग्य जमीन) हा शब्द शहरातल्या पदवीधराला अडतो आणि अर्धवट शाळा सोडलेल्या शेतकऱ्याला अडत नाही.

ब्रिटनमध्ये सोप्या इंग्रजीसाठी मोठी चळवळ झाली. 1979 मध्ये या चळवळीच्या प्रणेत्या क्रिसी मेअर यांनी लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी अर्जांचे जाहीरपणे तुकडे केले, आणि आज येथील सार्वजनिक आरोग्यसेवा, एनएचएस, रुग्णांसाठी लिहिताना ‘युरिन’ऐवजी ‘पी’ हा लहान मुलांच्याही तोंडचा शब्द पसंत करते. रुग्णाविषयीची ही आस्था मला मनापासून आवडते. तरीही हा धडा मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही, कारण डॉक्टर आपसांत ‘युरिन’ म्हणतच राहतात आणि इंग्रजी परिभाषेचे काहीच बिघडत नाही. आपली परिभाषा मात्र अजून घडते आहे, आणि राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाच्या कोशांतले शब्द आपण वापरलेच नाहीत तर ते रुळणार कधी?

‘विहित मुदत’ हा शब्दप्रयोग खुशाल राहावा, पण त्याच्याशेजारी तारीख असावी, आणि ‘करण्यात यावी’ असे लिहिताना कोणी करायचे तेही लिहावे. भावाला त्या पत्रापायी तालुक्याला दोनदा जावे लागले. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र हवे आहे, हे त्याला दुसऱ्या खेपेला तोंडी सांगण्यात आले.