सबटायटलला हात लावू नका हो!

परत तेच. ‘अरे, तुझा डबा अडकला बघ!’ हॉलमधून आत्याची हाक. डबा नाही गं अडकत, तू सबटायटल बदलतेस!

तो डबा म्हणजे टीव्हीमागचा रास्पबेरी पाय ५, एक इवलासा संगणक. सिनेमाची फाइल आहे तशी टीव्हीकडे धाडतो तोवर त्याला घामही फुटत नाही. पण ब्लू-रेची सबटायटलं म्हणजे अक्षरं नव्हेत, चित्रं. आमच्या टीव्हीला ती झेपत नाहीत. मग ती चित्रावर चिकटवून अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करायचा, म्हणजे फ्रेम न् फ्रेम पुन्हा बनवायची, आणि या पायमध्ये एन्कोडिंगचं हार्डवेअरच नाही! सगळा भार सीपीयूवर. चारही कोर शंभर टक्क्यांवर, इवलासा पंखा किंचाळतोय, पडद्यावर ते मेलं गोल चक्र.

साधी एसआरटी फाइल, म्हणजे नुसत्या अक्षरांची सबटायटलं, शेजारीच ठेवलीय. ‘हीच निवडा’ अशी चिठ्ठी टीव्हीला चिकटवली, तिच्यावर आता शेवेच्या तेलाचे डाग. वाचली कुणी? छे! शनिवारी इंदूरच्या सराफ्यातून, रात्रीच्या खाऊबाजारातून, गराडू (तळलेला कंद) खाऊन मंडळी मध्यरात्री परततात, त्याच तेलकट बोटांनी रिमोट. वर काका सुनावतात, ‘टीव्ही तर नवाकोरा आहे, तुझं खेळणंच फालतू.’

आणि इंदूरची लाइट गेली, तर तेही माझंच पाप.