किटो, एक गोळी आणि १८० शुगर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(वय ७१ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.) तुमची प्रतिक्रिया एक शब्दही न गाळता ठेवली आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. डायबिटीस निघाल्यावर मी किटो आहार (भात-भाकरी जवळजवळ बंद, भर तूप-बदामासारख्या चरबीवर) धरला, त्या लेखावर काकांचा राग आहे. त्यांच्या धाकट्या भावाने असलेच लेख वाचून किटो सुरू केला आणि काही दिवसांत त्यांना आयसीयूत न्यावं लागलं. शिवाय आपले आजे-पणजे भाकरी खाऊनच धडधाकट होते आणि मेंदूला रोज १३० ग्रॅम कार्ब (पिष्ट आणि साखर) लागतातच, असं काकांचं म्हणणं. म्हणून हा लेख काढून टाका.

आधी भावाबद्दल. ते आता वॉर्डात आलेत हे वाचून हायसं वाटलं. तुम्ही त्यांच्या गोळ्या लिहिल्यात ते फार बरं केलंत : मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन. पुढे विचारलंत, "शुगर फक्त १८० होती, मग रक्तात अ‍ॅसिड झालंच कसं?" मी डॉक्टर नाही, त्यांचे रिपोर्टही पाहिलेले नाहीत. पण तुम्ही वर्णन केलेला प्रकार डॉक्टरांना चांगला माहीत आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांबद्दल २०१५ सालीच तसा इशारा दिला होता.

डापाग्लिफ्लोझिन रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढते. साखर उतरली की शरीरातलं इन्सुलिनही उतरतं. इन्सुलिनचं एक काम म्हणजे चरबी वितळण्यावर वचक ठेवणं. तो वचक सैल झाला की यकृत चरबीपासून किटोन बनवायला लागतं. त्यात माणसाने भात-भाकरी बंद केली, म्हणजे इन्सुलिन दोन्ही बाजूंनी खाली. वर लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी कमी. आता किटोन थोडे असणं हेच किटो आहाराचं गमक. रक्तात साधारण ०.५ ते ३ मिलिमोल असले तर शरीर ते इंधन म्हणून वापरतं. पण ते वाढतच गेले तर रक्त आम्लधर्मी होतं आणि जिवावर बेततं. एरवी अशा रुग्णाची शुगर चारशे-पाचशे दिसते, घरचे घाबरून दवाखाना गाठतात. इथे गोळी साखर बाहेर टाकतच असते, म्हणून ग्लुकोमीटर १८० दाखवतो आणि सगळे म्हणतात, वा, आहार लागू पडला! मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागणं हे "किटोचा त्रास, होईल कमी" म्हणून अंगावर काढलं जातं.

डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून आपल्याकडे ही गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि किडनीला तिचा फायदा होतो. पण कडक किटोबरोबर नको. आणि काका, हे फक्त किटोवाल्यांनी वाचायचं नाही. निर्जळी उपास करणाऱ्यांनी, उलट्या-जुलाबात काहीच पोटात न जाणाऱ्यांनी, ऑपरेशनची तारीख मिळालेल्यांनीही वाचावं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ही गोळी थांबवायला सांगतात ते याच भीतीने.

मला स्वतःला डॉक्टरांनी किटोला हो म्हणण्याआधी गोळ्यांची पट्टी समोर ठेवायला सांगितली होती. माझी ग्लिमेपिराइड ही डायबिटीसची गोळी त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली, कारण ती जेवणात कार्ब असो-नसो, इन्सुलिन सोडायला लावते आणि शुगर धाडकन पडू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांचा डोस, बीपीची गोळी, हेही आधी बघावं लागतं. किटोबद्दल माझं खरं मत एवढंच आहे : आहार वहीवर लिहायच्या आधी गोळ्या मांडून बसा. तूप किती आणि बदाम किती हे सगळं मागाहून.

आता भाकरी. पणजोबा भाकरीबरोबर दिवसभर औत हाकायचे, आपण खुर्चीत बसतो, हे तर आहेच. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, तो जरूर शोधून बघा. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांना डायबिटीस का गाठतो, त्याचं अर्धं उत्तर त्या फोटोत आहे. त्यात आपल्या रोजच्या उष्मांकातले साठ टक्क्यांहून जास्त कार्बमधून येतात. एका मध्यम ज्वारीच्या भाकरीत ३५ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात. कडक किटोत दिवसाचा सगळा कोटाच २० ते ५० ग्रॅम! "ज्वारी चालते ना?" असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

मेंदूचे १३० ग्रॅम : मेंदू दिवसाला साधारण तेवढं ग्लुकोज वापरतो, त्यावरून तो आकडा ठरला. पण ग्लुकोज यकृतही तयार करतं आणि उरलेली गरज बऱ्याच अंशी किटोन भागवतात.

तुम्ही न विचारलेला, पण जास्त वजनदार आक्षेप मीच मांडते. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने त्याच लोकांना बारा आठवडे किटो आणि बारा आठवडे भूमध्यसागरी आहार दिला. ते निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, दोन्हींत जवळपास सारखाच सुधारला. किटोवर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त उतरली, पण वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढलं. दुसऱ्या आहारात डाळी, फळं, अख्खी धान्यं होती आणि एलडीएल उतरलं. म्हणजे किटोवाचून अडत नाही. मी तो निवडला, कारण अर्धी भाकरी खाऊन उठणं मला कधी जमलं नाही. अजिबात न खाणं जमतं. ज्याला अर्धीवर थांबता येतं, त्याने किटोच्या वाटेला कशाला जावं?

लेख मी काढणार नाही. तुमची प्रतिक्रिया मात्र त्याच्या अगदी वर लावते आहे, तुमची हरकत नसेल तर.

भावाला डिस्चार्ज मिळताना एक करा. ती गोळी पुन्हा द्यायची की कायमची बंद, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा. नाहीतर पुढच्या महिन्यात मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून तीच पट्टी हातात देईल.