गादीचा न्याय वावराला लावू नका

मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: राजाची गादी थोरल्या मुलाला, तसं बापाचं रान मुलांना, हीच आपली परंपरा. मुलीचा वाटा 2005 च्या कायद्याने घुसडला. बाप त्याआधी वारला असेल तर तिला काहीच नाही, आणि सातबाऱ्यावर नाव नसेल तर हक्कही नाही. असल्या मजकुराच्या भरवशावर बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या होतात, म्हणून हे उत्तर.

आधी गादी. थोरल्याचा नियम आपल्या मातीत टिकला कधी? देवगिरीच्या कृष्ण यादवामागून गादीवर आला तो मुलगा नव्हे, धाकटा भाऊ महादेव. महादेवाच्या मुलाला, अम्मणाला, 1271 मध्ये हटवून कृष्णाच्या मुलाने, रामचंद्राने, राज्य घेतलं. खुलताबादेत ज्याची कबर आहे तो औरंगजेब शाहजहानचा तिसरा मुलगा. थोरल्या भावाला, दारा शुकोहला, लढाईत हरवून तो तख्तावर बसला. पहिला निजाम 1748 मध्ये वारला, तेव्हा दुसरा मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग यांच्यात जुंपली. नासिरजंग मारला गेला आणि 1750 च्या अखेरीस थोड्या काळापुरता का होईना, लेकीचा लेकच सत्तेवर बसला. थोरला गाझिउद्दीन दिल्लीहून हक्क सांगायला 1752 मध्ये औरंगाबादेत आला, तर तिथेच विषप्रयोगाने मेला. शेवटच्या निजामाने, उस्मान अली खानने, मुलांना बाजूला ठेवून नातवाला वारस नेमलं. गादी ठरायची ती फौजेवर, सरदारांच्या पाठिंब्यावर, नेमणुकीवर. शिवाय ती एकालाच मिळते, तिचे वाटे पडत नाहीत. हाच न्याय वावराला लावला तर धाकट्या भावांनाही धुऱ्याबाहेर काढावं लागेल. ते कुणालाच मान्य नाही, मग फक्त बहिणीलाच का?

परंपरेचंही तसंच. विज्ञानेश्वराने मिताक्षरा, म्हणजे वारशाचे नियम सांगणारा जुना ग्रंथ, लिहिला तो चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे उमरग्यापलीकडच्या आजच्या बसवकल्याणात. तिने वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांना जन्मतः हक्क दिला, हे खरं. पण ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ती भाष्य आहे, तिथे मुलगा नसलेल्या माणसाच्या वारसांत आधी पत्नी, मग मुली. भावांचा नंबर त्यांच्या नंतरचा. परंपरा सांगायची तर सगळी सांगावी.

मुलीचा वाटा 2005 चा, हेही चूक. हिंदू वारसा कायदा 1956 चा. तो आला तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वकष्टार्जित जमिनीत मुलगी तेव्हापासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. 1994 मध्ये महाराष्ट्राने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला.

बाप त्या तारखेला हयात हवा, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: बाप हयात असण्याची गरज नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल, तर ती उकरता येत नाही. आणि बाप 1956 च्या कायद्याआधीच वारला असेल, तर जुना कायदा आडवा येतो. पण 'आमची तोंडी वाटणी कधीच झालीय' एवढ्या बोलण्यावर बहिणीचा हक्क जात नाही; त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो.

राहिला सातबारा. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, महसुलासाठी असतो, मालकी त्याने ठरत नाही. वारस नोंदीत नाव गाळलं असेल तर नोटीस निघाल्यावर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर होऊन गेली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि वाटणीचा दावा दिवाणी कोर्टात. हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही, आणि ते करून द्यायची सक्ती कुणावरही नाही. भाऊबीजेची चोळीबांगडी हा त्याचा मोबदला नव्हे.