आणखी काही मदत हवी आहे का?

इंटरनेट बंद पडलं तर मी दोन-दोन दिवस तसाच राहू शकतो. तक्रार करायची म्हणजे कंपनीच्या चॅटबॉटशी बोलायचं, ते मात्र सोसत नाही.

तो ग्राहक क्रमांक मागतो. क्रमांक असतो जुन्या बिलावर, बिल टीव्हीखालच्या खणात, आणि चष्मा कुठे आहे ते फक्त हिला ठाऊक. सगळं जमवून आकडे टाइप करावेत, तर वर आलेलं असतं, 'आपला प्रतिसाद न आल्यामुळे संभाषण संपवत आहोत. आपला दिवस शुभ असो!' तरी आकडे पाठवले. उत्तर आलं, 'नमस्कार! भाषा निवडा.'

माझा भाचा असले बॉट बनवतो. म्हणाला, "मामा, सेशन टाइमआउट झाला, म्हणजे तुमची वाट बघायची त्याची मुदत संपली. अ‍ॅमेझॉन लेक्स हे बॉट बनवायचं साधन वापरलं तर तो मुळात ५ मिनिटांचाच असतो. २४ तासांपर्यंत वाढवता येतो."

"मग वाढवत का नाहीत?"

"सेटिंग उघडून बघायला हवं ना कुणीतरी!"

बरं, घालवून देण्यात एवढा तत्पर असलेला हा इसम, आपल्याला निघायचं असलं की दारात आडवा पडतो. तक्रार नोंदवली गेली. मी सभ्यपणे 'बरं' लिहिलं. 'क्षमस्व, समजलं नाही. मुख्य मेनूसाठी ० पाठवा.' 'ठीक आहे' लिहिलं, तर तो होकार धरून दुसरी तक्रार नोंदवून मोकळा. 'धन्यवाद' म्हटलं. 'आणखी काही मदत हवी आहे का?' मी म्हटलं, 'नको.' 'आपल्याला सेवा बंद करायची आहे का?'

या चॅटबॉट मंडळींची पणजी म्हणजे एलायझा, एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ साली जगापुढे आणलेली. तिला कळत काहीच नव्हतं, आपलंच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारायची. तरी वायझेनबॉम यांची सेक्रेटरी तिच्याशी बोलताना इतकी रंगली, की तिने साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. इथे मी स्वतःहून बाहेर जायला तयार आहे, पण सोडतो कोण?

भाच्याच्या मते चूक माझीच. "मामा, त्याला उत्तरच द्यायचं नाही. गप्प बसलात की आपोआप बंद होतो." घरी आलेल्या वसुलीवाल्यालासुद्धा 'या हं' म्हणणाऱ्या माणसाला हे कसं जमायचं?

शेवटी सेवा बंद करायची नाही हे त्याला कसंबसं पटलं. 'आमची सेवा कशी वाटली? ० ते ५ गुण द्या.' मी आनंदाने ० पाठवला.

'मुख्य मेनूमध्ये आपलं स्वागत आहे!'