वडी तरंगली म्हणून जीएम होत नाही

पेरणीच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर फिरणारा निरोप तुम्हालाही आला असेल: 'लातूरकडचं सगळं सोयाबीन जीएम झालंय. दाणा उगवला नाही, सोयावडी पाण्यावर तरंगली की ओळखा. तेलही तसलंच.' जीएम म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं.

उगवणीचं आधी घेतो, कारण तिथे आपले हात पोळलेत. २०२० च्या खरिपात बियाणं न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात ढिगाने आल्या. सोयाबीनची साल पातळ. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोत्यांची थप्पी उंच लागली की दाणा आतून मरतो. म्हणून तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून बघायचे, सत्तर उगवले तर पेरायचे. यातून उगवणशक्ती कळते, जनुकं नाहीत. अमेरिकेत १९९६ पासून पेरलं जाणारं जीएम सोयाबीन तर झकास उगवतं. वरून तणनाशक मारलं तरी तगतं, तेवढ्यासाठीच ते केलंय.

वडी तरंगते ती आतल्या हवेमुळे. पुढे जाऊ.

'सगळं जीएम'? देशात व्यापारी लागवडीला परवानगी असलेलं जीएम पीक एकच, २००२ पासूनचं बीटी कापूस. आपल्याकडचे सोयाबीनचे वाण, जेएस ३३५ किंवा परभणी विद्यापीठाचं एमएयूएस ७१, जीएम नाहीत. कपाशीत चोरटं जीएम बियाणं राज्याने पाहिलंय, त्यामुळे शंका घेणाऱ्याला मी हसणार नाही. पण मग दाणे प्रयोगशाळेत पाठवा. तिथे पीसीआर (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी चाचणी) करून बाहेरून घातलेल्या जनुकाची खूण शोधतात. नेहमीची खूण फुलकोबीवरच्या एका विषाणूतून घेतलेली असते. नमुन्यात त्या विषाणूने रोगट झालेला कोबी मिसळला तरी ती सापडू शकते, म्हणून एका चाचणीवर न थांबता सोयाबीनमध्ये घातलेलं नेमकं जनुकही तपासावं लागतं.

तेलाबाबत मात्र निरोप्याचा बाण जवळ लागलाय. जीएम सोयाबीनच्या तेलाच्या आयातीला २००७ पासून परवानगी आहे, आणि अर्जेंटिना-ब्राझीलचं तेल आपल्या कढईत रोज पडतं. पण रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे पाकीट तपासायला दिलं तरी खात्रीचं उत्तर मिळणं अवघड. उत्तर मिळेल ते आयातीच्या कागदांतून. खरं तर पाकिटावरच मिळायला हवं: जीएम अन्नाच्या वेष्टनावर दर्शनी बाजूला तसं छापायचा नियम २०१३ पासून आहे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मी सोयाबीन तेलाची पाकिटं उलटसुलट करून पाहिली. 'जीएम' ही दोन अक्षरं एकावरही नव्हती.