तपासणीत काही दिसले नाही, म्हणून खाज मनाची ठरत नाही

‘त्वचेवर काही दिसत नाही, तपासण्या स्वच्छ आहेत, खाजेच्या गोळ्यांनीही गुण येत नाही, म्हणजे खाज मनाची आहे, खाजवणे थांबवा, आपोआप जाईल’ अशा आशयाचा संदेश सध्या बराच फिरतो आहे. सहा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या, म्हणजेच जुनाट, खाजेच्या बाबतीत त्यातले एकही विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

‘काही दिसत नाही’ हे पाहण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. खाजेची संवेदना वाहून नेणारे चेतातंतू इतके बारीक असतात की त्वचेचा तुकडा नेहमीच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी ते नजरेत भरत नाहीत. मात्र पीजीपी ९.५ या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरली, की बाह्यत्वचेत वर चढत गेलेले धागे स्पष्ट दिसू लागतात. प्रुरिगो नोड्युलॅरिस या खाजऱ्या गाठींच्या विकारात बाह्यत्वचेतले हे धागे विरळ झालेले आढळतात, आणि गाठ बरी झाल्यावर त्यांची संख्या पुन्हा वाढलेली दिसते. निव्वळ मनाच्या खेळाने असे घडत नाही.

गोळ्यांचा मुद्दा तर उलट बाजूने साक्ष देतो. नेहमीच्या गोळ्या हिस्टामिन या खाज उठवणाऱ्या शरीरातल्या रसायनाला अडवतात, पण खाजेची वाट तेवढी एकच नाही. खाजकुइलीच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो, तो तिच्यातल्या प्रथिने तोडणाऱ्या विकरामुळे. तिथे हिस्टामिनरोधक गोळी फारशी उपयोगी पडत नाही. इंटरल्युकिन-३१ हा शरीरातला संदेशवाहक रेणूही चेतातंतूंवरील ग्राहीद्वारे, म्हणजे तो जिथे चिकटतो त्या प्रथिनाद्वारे, खाज सुटवतो, आणि तोच ग्राही अडवणाऱ्या नेमोलिझुमॅब या इंजेक्शनाला २०२४ मध्ये अमेरिकेत याच गाठींच्या विकारासाठी मान्यता मिळाली.

खाजवल्याने त्वचा आणखी बिघडते आणि ताणतणावाने खाज वाढते, हे खरेच आहे. संदेशातले अर्धसत्य तेवढेच. परंतु संवेदनाक्षम झालेल्या त्वचेवर सदऱ्याची बाही नुसती घासली तरी खाज उठते, तेव्हा केवळ निर्धाराचा सल्ला अपुरा पडतो.

पाठीवर, खांद्याच्या फऱ्याजवळ वर्षानुवर्षे खाजणाऱ्या एका ठरावीक जागेमागे अनेकदा मणक्यातून निघणाऱ्या चेतातंतूंवरचा दाब असतो. तिथला काळसर डाग हे खाजेचे कारण नसून खाजवण्याचा परिणाम असतो, आणि मलम मात्र त्या डागावरच चोळले जाते.